शिक्षा जास्त झाली, एवढंच आमचं म्हणणं होतं

धाकट्या भावाला गांजा वाहून नेल्याबद्दल आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा पुढे काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. इंदूरच्या आमच्या मराठी वस्तीत कोर्टाची पायरी चढलेलं माणूस शोधायचं तरी कुठे, आणि सापडलं तरी विचारायचं कोणत्या तोंडाने? आता अपिलाचा निकाल लागलाय आणि बदललेलं वॉरंट जेलमध्ये पोचलंय. हायकोर्टाच्या व्हरांड्यात हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची चळत घेऊन बसलेल्या आया, बहिणी, बायका मी अडीच वर्षं पाहिल्या. त्यांच्यातलीच एक म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. त्याने ते केलं होतं. १४ फेब्रुवारी २०२१ ला, बाजूच्या एका जिल्ह्यात हायवेवर गाडी अडवली तेव्हा स्टिअरिंगवर तोच होता. लोडिंग गाडीत कांद्याच्या गोण्यांखाली दोन पोती होती. वजन भरलं १२ किलो ४०० ग्रॅम. शेजारी बसलेल्या माणसाने एका फेरीचे पाच हजार देतो म्हणून सांगितलं होतं. तो तेव्हा तेवीस वर्षांचा. बाबा २०१८ मध्ये गेले, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याची कुरिअरच्या गोदामातली नोकरी गेली, आणि तो मिळेल ती गाडी चालवत होता. ही कारणं झाली. गुन्हा त्यांनी पुसला जात नाही, हे मी त्यालाही तोंडावर सांगितलंय. आमच्याच गल्लीतला एक हुशार मुलगा याच नादापायी वाया गेलेला आम्ही पाहिलाय.

सात महिन्यांनी, २० सप्टेंबर २०२१ ला, तो जामिनावर सुटला. खटला चालला. निकाल लागला १९ जानेवारी २०२३ ला, गुरुवारी. संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात तसेच होते.

त्या दिवशीचं एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, असं विचारलं. आमचे वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, “पहिला अपराध है, नरमी बरती जाए.” आणि बसले. मागच्या बाकावर बसल्या बसल्या मला एवढंच वाटलं, की झालं? शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे असं कायद्यात आहे. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ते कलम २३५ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५८ आहे. आपण तयारीने गेलो असतो तर बाबांचा मृत्यूचा दाखला, नोकरी गेल्याचं पत्र, आईच्या दवाखान्याचे कागद तिथेच देता आले असते. आम्ही काहीच नेलं नव्हतं. नेता येतं हेच माहीत नव्हतं. पुढची अडीच वर्षं आम्ही जे केलं ते एका अर्थाने त्या दोन मिनिटांत राहून गेलेलं बोलणंच होतं.

चारच्या सुमारास शिक्षा सुनावली. आठ वर्षं सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड, आणि दंड न भरल्यास आणखी दोन वर्षं. निकाल हिंदीत होता. त्यातलं ते वाक्य मला अजून पाठ आहे: “अर्थदंड अदा न करने के व्यतिक्रम में दो वर्ष का अतिरिक्त सश्रम कारावास भुगताया जाए.” व्यतिक्रम म्हणजे काय हे मला घरी येऊन बघावं लागलं.

पहिली चूक आम्ही दुसऱ्याच दिवशी केली. निकालाच्या नकलेसाठी अर्ज टाकला आणि अकरा दिवस वाट पाहिली. कैदेची शिक्षा झाली की आरोपीला निकालाची प्रत तिथल्या तिथे, फुकट मिळते. ती त्याला मिळालीही होती, आणि त्याच्या कपड्यांच्या पिशवीतून जेलमध्ये गेली होती. तुमच्यावर ही वेळ आली तर गाडीत बसवायच्या आधीच वकिलामार्फत ती प्रत मागून घ्या.

हायकोर्टात अपिलासाठी निकालापासून साठ दिवस असतात, आणि नकलेत गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्याची कारणं द्यावी लागतात आणि आणखी एक सुनावणी वाढते. आमचे साठ दिवस २० मार्चला संपत होते, पाडव्याच्या दोन दिवस आधी.

मध्य प्रदेशचं मुख्य हायकोर्ट जबलपूरला. इंदूर आणि ग्वाल्हेरला खंडपीठं आहेत. शिक्षा देणारं कोर्ट इंदूर खंडपीठाच्या हद्दीतलं, त्यामुळे एम. जी. रोडवरच्या इमारतीतच काम होतं. जबलपूरला जावं लागलं असतं तर आईला निदान मनाने तरी सोबत येता आलं नसतं.

वकील शोधण्यात तीन आठवडे गेले. एकाने दोन लाख सांगितले. एकाने फाइल न उघडताच “महिनाभरात बाहेर काढतो” म्हटलं, तिथून यांनी मला हात धरून उठवलं. शेवटी यांच्या ऑफिसातल्या एकांच्या ओळखीने एका वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी निकाल मागितला आणि आम्हाला समोर बसवून पाऊण तास वाचला. मग पेन्सिलने एका आकड्याखाली रेघ ओढली. १२ किलो ४००.

“सगळं या आकड्यावर आहे,” त्या म्हणाल्या.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षेचं माप मालाच्या वजनावर ठरतं. गांजा एक किलोपर्यंत असेल तर तो अल्प प्रमाणात धरतात. त्याला जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की कमर्शियल, म्हणजे व्यापारी प्रमाण. तिथे दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही, वीसपर्यंत जाता येतं, आणि दंडही एक लाखापेक्षा कमी होत नाही. या दोन्हींच्या मधलं जे, त्याला शिक्षा “दहा वर्षांपर्यंत” आणि दंड “एक लाखापर्यंत”. कमीत कमी किती, हे तिथे लिहिलेलंच नाही. म्हणजे कोर्टाला दोन वर्षंही देता येतात आणि दहाही. आमचा भाऊ या मधल्या पट्ट्यात होता, म्हणूनच “शिक्षा जास्त झाली” हे म्हणायला जागा होती. कमर्शियलमध्ये किमान शिक्षाच झालेली असेल तर ती जास्त आहे म्हणून अपील करण्यात अर्थ नसतो, तिथे दोषसिद्धीवरच लढावं लागतं.

आपल्या माळव्यात नीमच-मंदसौरकडची प्रकरणं अफू आणि डोडाचुऱ्याची (अफूच्या बोंडांच्या चुऱ्याची) असतात, त्यांचे आकडे वेगळे. पहिला आकडा अल्प प्रमाणाचा, दुसरा कमर्शियलचा. अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो, डोडाचुरा एक किलो आणि पन्नास किलो. चरसाचे १०० ग्रॅम आणि एक किलो, हेरॉइनचे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. आणि माल भेसळीचा असला तरी पूर्ण मिश्रणाचं वजन धरतात, शुद्ध भाग वेगळा काढून मोजत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात हे पक्कं केलं. व्हरांड्यात बसलेल्या बायकांना मी हाच प्रश्न पहिला विचारायला लागले होते: काय होतं आणि किती होतं?

आईची भीती निराळीच होती. “अपील केलं आणि त्यांनी शिक्षा वाढवली तर?” ती हे रोज विचारायची. मॅडमनी तिला फोनवर हिंदीत, शांतपणे समजावलं. आरोपीच्या अपिलात कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, तशीच ठेवू शकतं, पण वाढवत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि काही झालं तरी आधी नोटीस देऊन आपलं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या प्रकरणात सरकारने तसं काही केलं नव्हतं. त्या रात्री आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

वकालतनाम्यावर त्याची सही जेलमधूनच आणावी लागते आणि जेलचे अधिकारी ती साक्षांकित करतात. यात तीन दिवस गेले. फी ठरली सत्तर हजार. आधी पंचवीस, मग हप्ते, शेवटचे वीस अंतिम सुनावणीच्या वेळी. टायपिंग, झेरॉक्स आणि मुन्शींचा, म्हणजे वकिलांच्या कारकुनांचा खर्च सगळा मिळून अकरा हजारांच्या आसपास गेला. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, ती तिथे गेली. १३ मार्च २०२३ ला अपील दाखल झालं.

सहा महिन्यांनी मला कळलं की तुरुंगात असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. कमाई किती, हे तिथे बघतच नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या व्यक्तीचं नावच घातलेलं आहे. हायकोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो, आणि जेलमधूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवायचीही सोय आहे. आम्हाला आमच्या मॅडम लाभल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे नाहीत म्हणून साठ दिवस हातचे घालवलेली एक मावशी मला तिथे भेटली होती, तिच्यासाठी हे लिहितेय.

आता वाट पाहण्याचा भाग.

अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अर्जही करतात. अपील चालेपर्यंत माणूस बाहेर राहावा म्हणून. एनडीपीएसमध्ये हे होतच नाही असं आम्हाला दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. कायद्यातल्या ३२-अ कलमात तशी बंदी होतीही. पण सुप्रीम कोर्टाने २००० साली दादू प्रकरणात कोर्टाचा स्थगितीचा अधिकार त्या बंदीतून मोकळा केला. कमर्शियल प्रमाणात कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी आड येतात. आमच्याकडे त्या नव्हत्या.

तरीही मिळाली नाही. एप्रिल २०२३ मध्ये पहिला अर्ज निघाला तेव्हा त्याला आत जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कोर्टाचा कल बघून मॅडमनी तो मागे घेतला, पुन्हा करायची मुभा ठेवून. मी चिडले, लढल्या का नाहीत म्हणून. त्यांनी सांगितलं की गुणदोषांवर फेटाळला गेला असता तर पुढच्या अर्जाच्या वेळी तोच आदेश आडवा आला असता. दुसरा अर्ज डिसेंबरमध्ये फेटाळला गेला. शिक्षेचा बराच भाग बाकी आहे, असं कारण दिलं होतं. मुलाकातीला गेले तेव्हा हे त्याला सांगायचं कसं ते मला सुचेना. काचेपलीकडून त्यानेच विचारलं, “नाही ना झालं?” मी मान हलवली. तो म्हणाला, “आईला सांग, मी इथे शिलाईत लागलोय.”

त्याच ३२-अ कलमाचा दुसरा भाग मात्र कायम आहे आणि तो आम्हाला फार उशिरा समजला. इतर कैद्यांना चांगल्या वागणुकीची, कामाची जी माफी मिळते, दिवस कमी होतात, ती एनडीपीएसच्या कैद्याला मिळत नाही. आई २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टकडे डोळे लावून बसायची. तुम्हीही बसला असाल तर घरच्यांना वेळीच सांगा. आठ म्हणजे पूर्ण आठ. म्हणून तर कोर्टाने दिलेल्या आकड्यावरच सगळा भर द्यावा लागतो.

२०२४ मध्ये मॅडमनी तिसऱ्या अर्जाऐवजी अपिलाचीच लवकर सुनावणी व्हावी असा अर्ज केला. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड येऊन पडलं होतं. तरी तारखा लागत होत्या आणि नंबर येत नव्हता. बोर्डावर आमच्या आधी साठ-सत्तर प्रकरणं असायची. आदल्या संध्याकाळी हायकोर्टाच्या संकेतस्थळावर यादी येते. अपिलाचा नंबर आणि साल टाकलं की तारीख, आदेश, सगळं दिसतं. हे मला शाळेतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी दाखवलं. तोवर मी तारीख विचारायला मुन्शींना दर दोन दिवसांनी फोन करत होते आणि ते बिचारे उचलत होते. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत नियमित अंतिम सुनावण्या होत नाहीत, हेही हिशोबात धरा. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा परत पोटात गोळा आला, पण चालू अपिलं जुन्या कायद्यानेच पुढे गेली. नव्याने अपील करणाऱ्यांना कलमांचे आकडे वेगळे दिसतील: अपिलाचं ३७४ आता ४१५ आहे, शिक्षा स्थगितीचं ३८९ आता ४३०.

या रिकाम्या महिन्यांचा आम्ही एकच चांगला उपयोग केला. मॅडम म्हणाल्या, शिक्षेवर बोलायचं तर हातात कागद हवेत, माझ्या शब्दांना वजन नाही. मग मी शाळेच्या ऑफिसात करते तशी एक फाइल केली. बाबांचा मृत्यूचा दाखला. कुरिअरच्या गोदामाचं नोकरी संपल्याचं पत्र, ज्यासाठी चार चकरा झाल्या. आईचे मधुमेहाचे आणि डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद. त्याची दहावी-बारावीची गुणपत्रिका. दुसरा कुठलाही गुन्हा नोंद नसल्याचा पुरावा, जो खरं तर सरकारच्या कागदांतच होता. जामिनाच्या सव्वा वर्षात एकही तारीख न चुकवल्याची नोंद. आणि जेलमधलं आचरण प्रमाणपत्र, शिलाई विभागात काम करतो असं लिहिलेलं.

ही फाइल करताना मी पहिल्यांदा तो निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. एकोणतीस पानं. शेवटच्या पानावर एक लहानसा तक्ता असतो, खटल्याच्या काळात आरोपी किती दिवस आत होता याचा. ते दिवस शिक्षेतून वजा होतात. जुनं कलम ४२८, नवं ४६८. तक्त्यात लिहिलं होतं: १४.०२.२०२१ से २०.०८.२०२१, कुल १८८ दिवस.

मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तो २० सप्टेंबरला सुटला होता. त्या दिवशी गणपती विसर्जन नुकतंच झालं होतं, मला पक्कं आठवत होतं. नऊच्या जागी आठ पडला होता. २१९ दिवसांचे १८८ झाले होते. एका आकड्यात माझ्या भावाचे एकतीस दिवस गेले होते, आणि दीड वर्ष आमच्यापैकी कुणी ते पान उलटलं नव्हतं.

मॅडमना रात्रीच मेसेज केला. त्यांनी जामिनाचा आदेश आणि जेलमधून सुटल्याची नोंद मागवायला सांगितली आणि हा मुद्दा अर्जात घातला. तुमच्या घरच्या माणसाच्या निकालातला हा तक्ता आजच काढून बघा. बोटांवर मोजा, अटकेचा दिवस धरून.

सुनावणीच्या आधी एक मोठा निर्णय घ्यायचा होता. दोषसिद्धीलाही आव्हान द्यायचं, की फक्त शिक्षेवर बोलायचं? अपिलात दोन्ही लिहिलेलं होतं. मॅडमचं म्हणणं, की जप्ती आणि नमुन्यांचे कागद त्यांनी बारकाईने तपासलेत आणि त्यात टिकेल असं भगदाड नाही. एकदा “दोषसिद्धीवर जोर देत नाही” म्हटलं की ती कायम झाली. पण तेच म्हटल्यावर कोर्टाचं सगळं लक्ष शिक्षेच्या मापावर येतं. हे ठरवायचं त्यानेच, असं त्या ठामपणे म्हणाल्या. घरच्यांनी नाही.

ई-मुलाकातीवर, म्हणजे जेलच्या व्हिडिओ कॉलवर, मी त्याला विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली.

“ताई, गाडी मीच चालवत होतो,” तो म्हणाला. “खोटं नको. जेवढं खरं आहे तेवढ्याचीच शिक्षा दे म्हणावं.”

अंतिम सुनावणी ६ ऑगस्ट २०२५ ला झाली. नंबर लागला दुपारी साडेतीनला. चालली पंचवीस मिनिटं, आणि त्या मिनिटांत मी श्वास कधी घेतला ते आठवत नाही. बोलणं बरंचसं इंग्रजीत, मधून हिंदी. मॅडमनी आधी वजनाचा पट्टा सांगितला, मग वय, पहिला गुन्हा, माल त्याचा नसणं, पाच हजारांची मजुरी. मग एकेक कागद. न्यायमूर्तींनी विचारलं, आठ वर्षं का दिली याची कारणं खालच्या निकालात कुठे आहेत? सरकारी वकिलांनी दाखवली. दोन ओळी होत्या. ते पुढे म्हणाले की बारा किलो माल स्वतःपुरता नसतो, यातून किती तरुण बिघडतात याचाही विचार व्हावा. मला त्यांचा राग आला नाही. ते खरंच होतं.

मग मॅडम दंडाच्या बदल्यातल्या दोन वर्षांवर आल्या. शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, २००७. आपल्याच राज्यातलं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलेलं. तिथे दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षं सहा महिन्यांवर आणली होती, कारण ती मूळ गुन्ह्याची शिक्षा नसते आणि गरीब माणसावर ती फार जड पडते. हे ऐकताना मला ते “व्यतिक्रम” आठवलं. एक लाख रुपये नसतील तर दोन वर्षं, म्हणजे ज्याच्याकडे आहेत तो दोन वर्षं आधी घरी. शेवटी एकतीस दिवसांचा मुद्दा आला. तो सरकारी वकिलांनी रेकॉर्ड पाहून मान्य केला, आणि निकाल राखून ठेवला गेला.

२५ ऑगस्टच्या यादीत आमचा नंबर निकालासाठी लागला. हरतालिकेच्या आदल्या दिवशी. मी शाळेतून अर्धी रजा काढून गेले. दोषसिद्धी कायम. आठ वर्षांऐवजी चार. दंड एक लाखाऐवजी पन्नास हजार, न भरल्यास दोन वर्षांऐवजी सहा महिने. खटल्याच्या काळातले २१९ दिवस वजा करावेत. त्याच्याबरोबरच्या माणसाचं अपीलही त्याच आदेशात निघालं. गुन्हा गंभीर आहे, असं न्यायमूर्तींनी निकालात स्पष्ट लिहिलंय आणि तरीही वय, पहिलाच गुन्हा आणि मधलं प्रमाण बघता आठ वर्षं जास्त होतात असं म्हटलंय. मला ती दोन्ही वाक्यं एका परिच्छेदात वाचून बरं वाटलं.

मी व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. ती मूर्तीच्या आराशीसाठी पाट पुसत होती. “चार,” मी म्हटलं. तिने विचारलं, “चार महिने?” मी म्हटलं, “नाही आई, चार वर्षं. सव्वातीन होत आलीत.” ती काही बोलली नाही. पाट खाली ठेवल्याचा आवाज आला फक्त.

निकाल लागला म्हणजे काम संपलं असं आम्ही धरून चाललो होतो, तसं नाही. हायकोर्टाचा आदेश खालच्या कोर्टात जातो, तिथून सुधारलेलं वॉरंट निघतं, ते जेलमध्ये पोचतं, तेव्हा जेलच्या रजिस्टरमध्ये तारीख बदलते. आपोआप होईल म्हणून आम्ही दहा दिवस थांबलो आणि काहीच हललं नाही. मग प्रमाणित प्रत काढून मी स्वतः खालच्या कोर्टात गेले, बसने, दोनदा. दंडाचे पन्नास हजार तिथेच भरले. आईने एक पाटली मोडली, मी नको म्हणत असताना. दंडाच्या पावतीच्या तीन झेरॉक्स काढा: एक जेलला, एक वकिलांना, एक घरी. जेलमध्ये पावती नोंदली गेली का ते पुढच्या मुलाकातीला विचारून घ्या, नाहीतर ते सहा महिने कागदावर तसेच राहतात. वॉरंट पोचायला निकालापासून तेवीस दिवस लागले. ज्याची सुटका तिथल्या तिथे व्हायची असेल त्याच्यासाठी हे तेवीस दिवस फार मोठे आहेत. त्याने निकालाच्याच दिवशी वकिलांना पुढचं काम विचारून ठेवावं.

सप्टेंबरअखेरच्या मुलाकातीला आई पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली. इतके दिवस तो तिला येऊ नको म्हणत होता. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने रजिस्टर बघून सुटकेची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली. १३.०६.२०२६. आईने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, ऑपरेशन झालेला डोळा मिटून दुसऱ्याने वाचली, मग उलट केलं. मी तिच्या हातातून घेऊन पुन्हा मोजलं, अटकेचा दिवस धरून, सप्टेंबरचे वीस धरून. बरोबर होतं. मग तिने ती चिठ्ठी घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि आत जायच्या रांगेत उभी राहिली.